आडनाव चालत नाही, दुसरं टाका

टिंबटिंब

परवा ऑफिसातल्या एका सहकाऱ्याबरोबर बसून त्याचा ऑनलाइन फॉर्म भरत होते. माणूस कोरियन, आडनाव ओ. इंग्रजीत एकच गोल अक्षर, संपलं आडनाव. कोरियन लोकांत हे चांगलं रुळलेलं आडनाव आहे पण फॉर्मला ते झेपेना. ओ टाकला की रकान्याखाली लाल अक्षरात 'कृपया वैध आडनाव भरा'. पुढे टिंब देऊन बघितलं, परत लाल. मी म्हटलं दोनदा ओ टाकूया का, तर तो म्हणे नको, एकदा केलं होतं तसं, दोन वर्षं मिस्टर ओओ म्हणून पत्रं येत होती. शेवटी त्याने शांतपणे ओला एच जोडला आणि लगेच हिरवं झालं. म्हणजे पासपोर्टवरचं नाव अवैध आणि मनाने बनवलेलं वैध! आता पुढच्या काउंटरवरचा माणूस विचारणारच की तिथे एक अन् इथे एक, हे दोघं एकच कशावरून.

मराठीत नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यात एका टिंबाचा फरक आहे. नाव आईबाप ठेवतात, नावं गाव ठेवतं, ते चालायचंच. पण फॉर्म, कोर्ट, पासपोर्टवाले हेही नावं ठेवायला लागले की काय करायचं?

दोन दिवस वाचत बसले होते. मला हे दोन वेगळे ढीग वाटतायत. एकात आईबापांनीच कहर केलेला असतो. स्वीडनचं ते प्रसिद्ध उदाहरण, नाव नोंदवलं नाही म्हणून १९९६ मध्ये कोर्टाने ५,००० क्रोनर दंड केला तर आईबापांनी मुलाचं नाव म्हणून ४३ अक्षरं-आकड्यांची भेळमिसळ लिहून दिली आणि वर सांगितलं की याचा उच्चार 'आल्बिन' असा करायचा. १९८२ च्या नावांच्या कायद्याचा निषेध होता म्हणे तो. ते नाकारलं तर मग नुसतं 'ए' दिलं, उच्चार तोच, आल्बिन. तेही नाकारलं. दुसऱ्या ढिगात नाव अगदी साधं असतं, रकानाच येडा असतो. माझा राग या दुसऱ्या ढिगाबद्दल आहे. तुमचे अनुभव टाका.

उलटतपासणी

धागा मस्त. पण पहिल्या ढिगावरून इतक्या पटकन पुढे जाऊ नका. न्यूझीलंडमध्ये एका मुलीचं नाव म्हणजे अख्खं वाक्य होतं, हवाईची तलुला हुला नाचते अशा अर्थाचं. ती ९ वर्षांची होईपर्यंत मित्रमैत्रिणींना नाव सांगायचीच नाही, मला 'के' म्हणा म्हणायची. आईबापांच्या ताब्याच्या भांडणात प्रकरण कोर्टापुढे आलं तेव्हा न्यायाधीशांनी, २००८ ची गोष्ट, मुलीला कोर्टाच्या ताब्यात घेतलं, का तर नाव बदलता यावं म्हणून. आणि वेल्समधली एक आई जुळ्यांपैकी मुलीचं नाव 'सायनाइड' ठेवायला निघाली होती. तिचं म्हणणं नाव ऐकायला गोड आहे आणि हिटलर त्यानेच मेला म्हणजे चांगलीच गोष्ट की. २०१६ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं नाही ठेवता येणार. आता सांगा, इथेही संस्था वाईट का? लेकराला तर कुणी विचारत नाही.

कावळा_उवाच

+१ सायनाइडला. पण साहेब, हेच हत्यार दुसऱ्याच्या हातात गेलं की काय होतं तेही बघा. अमेरिकेत टेनेसी राज्यात २०१३ मध्ये आईबाप कोर्टात गेले होते आडनावाच्या वादावरून. मुलाचं पहिलं नाव 'मसाया', म्हणजे तारणहार, त्यावर दोघांची काही तक्रारच नव्हती. तर तिथल्या मॅजिस्ट्रेट बाईंनी स्वतःहून ठरवलं की ही पदवी फक्त येशूची आणि पोराचं नाव करून टाकलं मार्टिन. काही आठवड्यांत वरच्या कोर्टाने ते उलटवलं आणि पुढच्या वर्षी बाईंची नोकरी गेली, पण मुद्दा असा की खुर्चीवर बसलं की आपली आवडनिवड कायदा वाटायला लागते.

तुर्कस्तानात तर क्यू, डब्ल्यू, एक्स ही तीन अक्षरंच सरकारी वर्णमालेत नाहीत, १९२८ चा कायदा. कुर्दिश नावांत ही अक्षरं येतात म्हणजे कितीतरी लोकांना स्वतःचं नाव स्वतःच्या स्पेलिंगने नोंदवताच येत नव्हतं. २०१३ मध्ये सरकारने ती बंदी उठवायचं जाहीर केलं. याला 'लेकराचं हित' म्हणायचं का?

उलटतपासणी

@कावळा, नाही म्हणायचं. पण मी सायनाइडबद्दल बोलत होतो, तुम्ही वर्णमालेवर गेलात.

कावळा_उवाच

कायदा तोच असतो हो, 'अनुचित नाव नाकारण्याचा अधिकार'. अनुचित कोण ठरवणार एवढाच प्रश्न आहे.

निवांत

आइसलँड विसरलात की. तिथे नावांची समितीच आहे, १९९१ पासून. यादीत नसलेलं नाव ठेवायचं असेल तर समितीकडे अर्ज करायचा. एका मुलीचं नाव 'ब्लायर' ठेवलं, अर्थ झुळूक. किती छान नाव! समिती म्हणाली हा शब्द व्याकरणाने पुल्लिंगी आहे, मुलीला चालणार नाही. मग सरकारी कागदांवर तिचं नाव काय? 'मुलगी'. पासपोर्टवर सुद्धा 'मुलगी'. ती १५ वर्षांची झाली तेव्हा, जानेवारी २०१३ मध्ये, कोर्टाने तिला तिचं नाव दिलं. २०१९ च्या कायद्याने मग नावांची लिंगानुसार वाटणीच काढून टाकली. आता विचार करा हीच समिती मराठीला असती तर, किरण, शशी, सुहास सगळे 'मुलगा' आणि 'मुलगी' म्हणून फिरले असते.

गाढव_नाही_गाढवे

हे सगळं कोर्टाबिर्टाचं मोठं आहे, माझा किस्सा छोटा पण जिव्हारी लागलेला. माझं आडनाव गाढवे. लहानपणापासून जे ऐकायचं ते सगळं ऐकून झालंय त्यामुळे त्याचं काही वाटत नाही. बँकेचं कार्ड आलं (कुठली बँक ते जाऊदे). इंग्रजीत माझं नाव ९ अक्षरं, मधलं नाव ९, आडनाव ७, मधल्या दोन रिकाम्या जागा, एकूण २७. कार्डावर जागा २६. कुठलं अक्षर गेलं असेल? शेवटचा ई. मी लिफाफा उघडला आणि ठळक उठावाच्या अक्षरात माझ्या पूर्ण नावापुढे GADHAVE च्या जागी काय छापलंय ते तुम्ही मराठीतच वाचा: गाढव. आईशप्पथ.

फोन केला. तिकडची मुलगी फार गोड बोलत होती, म्हणे मॅडम सिस्टिम आपोआप शेवटचं अक्षर काढते, त्याने व्यवहारात काही अडचण येणार नाही. मी म्हटलं अगं व्यवहारात नाही येणार, कार्ड पुढे करताना येणार! ती म्हणे नाव बदलायचं असेल तर अर्ज करा. मी म्हटलं मला नाव बदलायचं नाहीये, तुम्ही बदललंय. यावर मला होल्डवर टाकलं. परत आली तेव्हा तिच्या मागे कुणीतरी हसत होतं, ते स्पष्ट ऐकू येत होतं. शेवटी मधल्या नावाचं आद्याक्षर ठेवून नवीन कार्ड मिळालं. जुनं कार्ड अजून कपाटात आहे, फेकवत नाही.

टिंबटिंब

हहपुवा (हसून हसून पुरेवाट)! सॉरी ताई, पण खरंच.

रकानेवाला

गाढवे ताई, २६ चा आकडा बँकेने मनाने काढलेला नाही. कार्डाच्या काळ्या चुंबकीय पट्टीवर नावाची जागा २६ अक्षरांचीच ठरलेली आहे, आंतरराष्ट्रीय मानक आहे ते. पण कुठून कापायचं हे सिस्टिम लिहिणाऱ्याच्या हातात असतं आणि तो शेवटून कापतो कारण तेच सगळ्यात सोपं. हे मी अधिकाराने सांगतोय कारण मी तोच माणूस आहे. म्हणजे तुमच्या बँकेचा नाही, पण त्या जातकुळीतला.

आणि धागाकर्तीला पण कबुलीजबाब द्यायचाय. नोकरीला लागलो तेव्हा मी एका नोंदणी फॉर्मला नियम लावला होता, आडनाव किमान २ अक्षरं, फक्त इंग्रजी ए ते झेड. कारण काय तर लोक रकान्यात एक्स टाकून पुढे जायचे, कचरा यायचा. कुणाला विचारलं नाही, अर्ध्या मिनिटात लिहून मोकळा झालो. त्यामुळे ओ, आयरिश ओ'ब्रायन (मधला फुटका स्वल्पविराम), जोडरेघवाली आडनावं, सगळी बाहेर. वर रात्री चालणारी एक साफसफाई होती, ज्या नोंदीत नाव 'टेस्ट' असेल ती चाचणीची समजून पुसायची. टेस्ट आडनावाची माणसं असतात हे मला एका ग्राहकाने चौथ्यांदा खातं उघडल्यावर कळवलं. भला माणूस, चिडला नव्हता, फक्त विचारत होता की माझं काय चुकतंय. ते वाक्य अजून लक्षात आहे.

२०१० मध्ये पॅट्रिक मॅकेन्झी नावाच्या प्रोग्रामरने नावांबद्दलचे आपले गैरसमज लिहून काढले होते, ४० भरले. प्रत्येकाला एकच पूर्ण नाव असतं, नाव कधी बदलत नाही, नावात आकडे नसतात असे करत करत शेवटचा गैरसमज: माणसांना नाव असतं. ती यादी वाचली तेव्हा मी त्यातले किमान तीस पाळत होतो.

तिसरी_घंटा

नल आडनाववाल्यांचं काय ते पण सांगा ना रकानेवाले, ते मला कधी नीट कळलं नाही.

रकानेवाला

सांगतो. डेटाबेसमध्ये 'नल' म्हणजे इथे काहीच भरलेलं नाही अशी खूण. ही खूण वेगळी आणि एन-यू-एल-एल ही चार अक्षरं वेगळी, नीट बांधलेली सिस्टिम दोन्हीत गल्लत करत नाही. पण माहिती एका सिस्टिममधून साध्या मजकुराच्या रूपात दुसरीकडे गेली की कुठेतरी कुणीतरी आळशीपणाने 'ही चार अक्षरं दिसली की रिकामं समज' असं लिहिलेलं असतं. मग नल आडनावाच्या माणसाने फॉर्म पूर्ण भरला तरी उत्तर येतं की आडनाव राहिलंय. ख्रिस्टोफर नल नावाचे अमेरिकन पत्रकार आहेत, त्यांनी २०१५ मध्ये यावर सविस्तर लिहिलंय, सगळं आयुष्य या कटकटीत गेलं म्हणे.

आणि यावरची कडी म्हणजे कॅलिफोर्नियातला एक सुरक्षा संशोधक. त्याने गाडीची नंबरप्लेटच NULL घेतली, गंमत म्हणून, झालाच तर फायदा म्हणजे दंडाची पावती आपल्या नावावर चढणार नाही. झालं उलटं. ज्या ज्या पावतीत पोलिसांनी गाडीचा नंबर भरायचा सोडला होता त्या सगळ्या त्याच्या दारात, १२,००० डॉलरच्या वर दंड. २०१९ मध्ये त्याने स्वतःच एका परिषदेत हे सांगितलं. करायला गेलो काय आणि झालं काय.



हार्दिक_शुभेच्छा

माझ्या आयडीवरून ओळखलं असेलच. माझं नाव हार्दिक, अर्थ मनापासूनचा. इंग्रजीत लिहिलं की त्याचे दोन तुकडे होतात आणि दुसरा तुकडा फिल्टरला अश्लील वाटतो. एका गेमच्या साइटवर 'असभ्य नाव' म्हणून तीनदा नाकारलं. माझा रूममेट दीक्षित, त्याचं तर माझ्याहून वाईट, त्याच्या आडनावात दोन दोन शब्द सापडतात. आम्ही दोघांनी मिळून काही नोंदवायचं म्हणजे फिल्टरची चांदी.

या रोगाला तर नावच आहे, स्कनथॉर्प प्रॉब्लेम. इंग्लंडमधलं गाव, त्याच्या स्पेलिंगच्या पोटात एक शिवी दडलीय, १९९६ मध्ये एओएल या इंटरनेट कंपनीच्या फिल्टरने अख्ख्या गावाला खाती उघडू दिली नव्हती. इतकी वर्षं झाली, रोग तसाच.

कावळा_उवाच

यात एक सावधगिरीची सूचना. २०१५ मध्ये एका व्हिएतनामी-ऑस्ट्रेलियन तरुणाची पोस्ट फिरली होती, माझं नाव इंग्रजीत शिवीसारखं वाचलं जातं म्हणून फेसबुक मला बंद करतं, सोबत पासपोर्टचा फोटो. जगभर बातम्या झाल्या, सगळे हळहळले. काही दिवसांनी त्यानेच सांगितलं, बनाव होता. म्हणून मी असले किस्से दोनदा तपासतो. पण त्याच्या आदल्या वर्षी, २०१४ मध्ये, फेसबुकने 'खरं नाव' धोरणाबद्दल ड्रॅग कलाकारांची (स्त्रीवेशात कला सादर करणारे पुरुष) जाहीर माफी मागितली होती, ते मात्र खरं. अमेरिकेतल्या मूलनिवासी लोकांची खाती पण 'हे खरं नाव वाटत नाही' म्हणून बंद होत होती. ज्यांची नावं त्या जमिनीवर सगळ्यात जुनी, त्यांनाच पुरावा मागायचा.

निवांत

पासपोर्टचा मुद्दा राहिलाच. खाली त्या दोन ओळी असतात बघा, मध्ये मध्ये बाणासारख्या खुणा. प्रत्येक ओळीत ४४ जागा, त्यातल्या नावाला ३९. फक्त ए ते झेड. म्हणजे जर्मन म्युलरच्या यूवरचे दोन टिंब वरच्या छापील नावात असतात, खालच्या ओळीत त्याचा यू-ई होतो, आणि विमानाचं तिकीट काढणाऱ्याने नुसता यू टाकलेला असतो. एका माणसाची तीन स्पेलिंगं आणि तिन्ही बरोबर. आपल्या 'ळ' ला तर बिचाऱ्याला रोमन लिपीत घरच नाही, त्यामुळे तो आयुष्यभर 'ल' च्या नावावर प्रवास करतो.

बरं, एकच नाव असलेल्यांचं काय? इंडोनेशियात कितीतरी लोकांना आडनाव नसतं, सुकार्नो, सुहार्तो, राष्ट्राध्यक्ष होऊन गेले एका नावावर. २०२२ मध्ये तिथल्या सरकारने नवीन नोंदींसाठी नियम केला, किमान दोन शब्द, जास्तीत जास्त ६० अक्षरं. अमेरिकेच्या व्हिसावर एकच नाव असेल तर ते आडनावात टाकतात आणि पहिल्या नावाच्या जागी एफ-एन-यू, 'पहिलं नाव अज्ञात' याचं संक्षिप्त. पुढे बँका, कॉलेजं सगळे त्याला एफएनयू हेच नाव समजून पत्रं पाठवतात. म्हणजे ज्याचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे त्याच्याच कपाळावर 'अज्ञात'.

तिसरी_घंटा

चीनमधलं एक वाचलं होतं. एका मुलीच्या नावात फार दुर्मीळ अक्षर, तीन घोडे शेजारी शेजारी असं काहीसं, आजोबांनी शोधून ठेवलेलं. हाताने लिहायचे तोवर काही प्रश्न नव्हता. ओळखपत्रं संगणकावर गेली आणि २००९ च्या बातमीनुसार सुमारे ५५,००० चिनी अक्षरांपैकी सरकारी संगणकाला जेमतेम ३२,००० वाचता येत होती. तिला सांगितलं नाव बदला. घोडे काय करणार बिचारे.

रकानेवाला

'नाव बदला' हे फक्त माणसांनाच सांगतात असं नाही. जनुकांना सुद्धा सांगतात! काही जनुकांची नावं मार्च-१, सेप्ट-१ अशी होती, एक्सेल त्यांची तारीख करून टाकायचं आणि शोधनिबंधांत चुकीचा डेटा जायचा. २०२० मध्ये शास्त्रज्ञांच्या नामकरण समितीने हात टेकले आणि जनुकांचीच नावं बदलली. एक्सेलने ती सवय बंद करायचं बटण दिलं २०२३ मध्ये. आधी जनुक झुकलं, मग सॉफ्टवेअर.

याच्या उलट एकच मजेशीर गोष्ट. ब्रिटनमध्ये एकाने कंपनीच्या नावातच वेबसाइटला गंडवणारा कोडचा तुकडा घातला. २०२० मध्ये कंपनी नोंदवणाऱ्या सरकारी खात्याने नाव बदलायला लावलं. नवीन नाव काय तर 'जिच्या नावात पूर्वी एचटीएमएल स्क्रिप्ट टॅग होते ती कंपनी लिमिटेड'. याला म्हणतात शरणागती.

उलटतपासणी

वरचे सगळे प्रतिसाद वाचून मी थोडा हललोय. सायनाइडवर ठाम आहे, पण माझ्या बाजूची उदाहरणं मोजली तर हाताच्या बोटांवर आणि तुमची संपतच नाहीत.

शिवाय एक विचारायचंय. एखाद्या ठिकाणी संस्थेनेच माघार घेतली असं झालंय का? कोर्टाशिवाय?

निवांत

हो, हवाई. तिथल्या एका बाईंचं लग्नानंतरचं हवाईयन आडनाव ३५ अक्षरांचं. लायसन्सवर मावेना म्हणून शेवटचं अक्षर कापलं आणि पहिलं नाव तर छापलंच नाही. एका पोलिसाने गाडी थांबवून त्यावरून त्यांची चेष्टा केली, तेव्हा त्यांनी टीव्हीवाल्यांना पत्र लिहिलं. माहेरचं आडनाव लावा म्हणून सल्ले मिळाले, त्यांनी ठाम नकार दिला, दिवंगत नवऱ्याचं नाव होतं ते. २०१३ च्या शेवटी राज्याने जागा ४० अक्षरांची केली. म्हणजे करता येतं. रकाना वाढवायचा असतो फक्त.

गाढव_नाही_गाढवे

मूठभर अक्षरं वाढवायला टीव्हीवर जावं लागलं, बघा! मला एकच हवं होतं.

टिंबटिंब

सगळ्यांचे आभार, इतके प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. अपडेट देते. रकानेवाल्यांचा कबुलीजबाब मी सहकाऱ्याला भाषांतर करून सांगितला, तो खूप हसला, म्हणाला त्याला सांग राग नाही. फॉर्मवाल्यांना मी मेल केला होता, उत्तर आलं की आपली सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे. उत्तराच्या वर माझं नाव चुकीचं लिहिलंय.

आणि त्याला मी मराठी शिकवलं थोडं. म्हटलं आमच्यात कुणी हाक मारली की उत्तर देण्याला ओ देणं म्हणतात. त्याने जरा विचार केला आणि विचारलं, म्हणजे तुमच्याकडे कुणीही कुणालाही हाक मारली की माझं आडनाव घेतात? मी म्हटलं हो. आता तो कॅन्टीनच्या रांगेत उभा असला की मी मुद्दाम मागून हाक मारते आणि तो वळून, अगदी गंभीर चेहऱ्याने, ओ देतो.